पाळकीणबाईंना आभाराचे पत्र

आदरणीय पाळकीणबाई,
प्रभूच्या नावात सलाम.

इब्री लोकांस पत्राचा अभ्यास संपला. ‘आपण वाहवत जाऊ नये म्हणून ऐकलेल्या गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे’ असे सांगणाऱ्या त्यातल्या 2:1 या एका वचनावर तुम्ही जेवढा वेळ दिलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. वाहवत जायला काही करावे लागत नाही, लक्ष सुटले की पुरे, हे तुम्ही तिथे दाखवलेत. पाप म्हटले की आपण नव्याने काय शिरले ते शोधतो. तुम्ही गळून काय गेले ते शोधायला लावलेत.

गळतीचा तुम्ही सांगितलेला क्रम फार उपयोगी पडला. उपासनेला येणे बहुधा शेवटी सुटते, म्हणून हजेरीवरून काही कळत नाही. आधी जाते ती नेमकी पापकबुली. ‘माझ्या चुकांची क्षमा कर’ एवढ्यावर प्रार्थना आटोपते. कोणाशी खोटे बोललो, कोणाचा हेवा केला, हे तिच्यात येत नाही. मग एकांतातली प्रार्थना आखडते आणि चारचौघांतली मात्र लांबलचकच राहते. वचन वाचले जाते, पण संदेश तयार करायला किंवा सकाळी दुसऱ्यांना पाठवायला. पुढे, जो खोदून विचारेल अशा माणसाला टाळणे सुरू होते. इफिसच्या मंडळीचे श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची पारख सगळे शाबूत होते, तरी पहिली प्रीती सुटलेली होती (प्रकटीकरण 2:2-4). सेवेत असणाऱ्यांनीच हे आधी वाचावे.

हळूहळू वाहवत जाणे लोटात दिसते. अब्राहामाचा पुतण्या लोट याचा डेरा उत्पत्ति 13 मध्ये सदोम या दुष्ट नगराजवळ आहे, 14 मध्ये तो सदोमात राहतो आणि 19 मध्ये नगराच्या वेशीत बसलेला, म्हणजे तिथलाच झालेला दिसतो. यार्देनेकडची हिरवळ निवडताना वेशीत बसायचे त्याच्या मनातही नसावे. इस्राएलाचा राजा शलमोन याचेही तेच. घोडे, बायका, सोने-रुपे वाढवायला राजाला मनाई होती (अनुवाद हे पुस्तक, 17:16-17). 1 राजे 10 आणि 11 मध्ये तिन्हींची मोजदादच आहे: सोन्याची आवक, 1400 रथ, 700 राण्या. दैवतांकडे मन वळले ते म्हातारपणी. अनुवादाच्या त्याच अध्यायात उपायही आहे: राजाने नियमशास्त्राची प्रत उतरून घ्यावी आणि आयुष्यभर वाचावी. रोज एक वचन हाताने वहीत उतरायला तुम्ही सांगता, ते यावरूनच.

वाचनाचा तुमचा हिशेबही सुटसुटीत. नव्या करारात 260 अध्याय. आठवड्यातून पाच दिवस रोज एक वाचला की वर्षात पुरे, आणि दोन दिवस हातात उरतात. जोशात सगळे बायबल वाचायला रोज चार-चार अध्याय धरणारे पुष्कळदा जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात अडकतात. राहिलेले साचत जाते, मन खाते आणि बायबल मिटते. म्हणून चुकलेले सोडून द्यायचे, आजचे वाचायचे. वाचल्यावर वहीत एकच ओळ: आज काय करायचे, आणि कोणाच्या बाबतीत. मग फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटे प्रार्थना. ‘उद्यापासून एक तास’ असला नवस तुम्ही कोणालाच करू दिला नाहीत, ते बरे केलेत.

आठवड्यातून एकदा एका विश्वासू माणसाने तीन प्रश्न विचारायचे, पुरुषाने पुरुषाला आणि बाईने बाईला. एकांतात प्रार्थना किती दिवस झाली? कोणावर राग धरून आहेस? आत्ता दिलेल्या उत्तरांत काय लपवलेस? तिसरा प्रश्न नसेल तर पहिले दोन प्रश्न महिन्याभरात नुसती औपचारिकता होतात. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हे बलाढ्य शमशोनाला कळलेच नव्हते (शास्ते 16:20). फसलेल्याला आपली फसगत दिसत नाही, म्हणून इब्री 3:13 एकमेकांना बोध करायला सांगते, तेही रोज.

परतीची वाट तुम्ही प्रकटीकरण 2:5 वरून दिलीत: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. यात भावना परत येण्याची वाट पाहायला सांगितलेले नाही. शेवटी जे सुटले तिथूनच, आजच सुरुवात.

आणि प्रत्येक कोरडेपणाला तुम्ही घसरण म्हटले नाहीत, याचे विशेष आभार. आजारपण, शोक, जागरणे यांनीही प्रार्थना सुकते. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी दोनदा खाऊ घातले, मधे झोपू दिले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर आला (1 राजे 19). ज्यांची झोप आणि भूक बरेच दिवस गेलेली आहे त्यांना तुम्ही डॉक्टरकडे पाठवता आणि प्रार्थनाही चालू ठेवता. दोष देत बसत नाही.

तुमचे,
बायबल अभ्यासातले आम्ही सगळे