चिकलठाण्याच्या ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. परभणीतल्या आम्हा ई-रिक्षावाल्यांच्या वतीनं हे पत्र. तुम्ही दुरुस्त केलेला कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट देणारा बोर्ड, चालतोय. भर मे महिन्यात, भरल्या रिक्षानं उड्डाणपूल चढूनही जळका वास नाही.

तुमच्याआधी हा बोर्ड ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर गेला, त्यांनी दर खेपेला मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, बदलले आणि पैसे मोजून घेतले. मॉसफेटवरचे नंबरही घासून काढले, पुढच्याला काही कळू नये म्हणून. 30 अँपिअरच्या फ्यूजच्या जागी 60 चा ठोकला. एका बहाद्दरानं तर 'पिकअप वाढवतो' म्हणून शंटवरच, म्हणजे करंट मोजायच्या रेझिस्टन्सवरच, सोल्डर चढवलं! शंटचा रेझिस्टन्स घटला की कंट्रोलरला करंट खऱ्यापेक्षा कमी दिसतो, लिमिट वर सरकते आणि मरतात बिचारे मॉसफेट. बोर्ड उलटा करून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. बॅटरी निगेटिव्हच्या ट्रॅकभोवती, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीभोवती, बोर्डाचं फायबर चहासारखं तपकिरी पडलं होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

तुम्ही फ्यूज आधी 30 चा केलात, शंट साफ केलात आणि मग मल्टीमीटर 200 मिलिव्होल्टवर लावून, लोड चालू ठेवून, ट्रॅकच्या दोन टोकांवर प्रोब टेकवले. आम्हाला सगळ्यात भिडलं ते याच्या पुढचं. काम झाल्यावर परमनंट मार्करनं ट्रॅकशेजारी बारीक अक्षरात लिहिलंत: '25 अँ. आधी 125, आता 10', म्हणजे 25 अँपिअरला पट्टीवर पडणारे मिलिव्होल्ट. प्रोब कुठं टेकवायचे तिथं दोन ठिपकेही दिलेत. म्हणजे उद्या कुणीही मिस्त्री तेच माप घेऊन तुमचं काम तपासू शकतो. नंबर घासणारे कुठं आणि स्वतःचं काम तपासायला देणारे कुठं.

त्या 125 चा हिशेब इथं लिहून ठेवतो, बाकीच्या मिस्त्रींच्याही कामाला येईल. मोटर 1200 वॅट, बॅटरी 48 व्होल्ट, म्हणजे 25 अँपिअर. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा एक चौरस, लहान असो की मोठा, साधारण अर्धा मिलिओहम. ट्रॅक 60 मिमी लांब, 8 मिमी रुंद, म्हणजे साडेसात चौरस, पावणेचार मिलिओहम. गार असताना 94 मिलिव्होल्ट पडतात. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून 125. म्हणजे एवढ्याशा पट्टीत तीन वॅट. आयपीसी-2221 या बोर्ड डिझाइनच्या मानकातल्या सूत्रानं मोकळ्या हवेतही तापमान 65 अंशांच्या आसपास वाढतं. सीटखालच्या बंद डब्यात आधीच 50 धरा. रोज असं भाजलं तर फायबर काळवंडणार, ट्रॅक उचलणार. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

यावर 'सोल्डर ओता, शंभर अँपिअर जाईल' हा आपल्याकडचा लाडका इलाज. सोल्डरचा रेझिस्टन्स तांब्याच्या आठपट. एवढ्याशा 35 मायक्रॉनची बरोबरी करायला त्याचा पाव मिमीहून जाड थर लागतो, आणि हातानं ओतलेला थर कुठं जाड, कुठं नुसता चकाकता. ट्रॅकचं तांबं होतं 0.28 चौरस मिमी. तुम्ही ट्रॅकवरचा हिरवा थर, म्हणजे मास्क, पूर्ण लांबीभर खरवडलात, फ्लक्स लावलं आणि 2.5 चौरस मिमीची सोललेली सिंगल कोर तार नुसत्या टोकांना नाही, अख्ख्या लांबीला सोल्डर केलीत, थेट टर्मिनलच्या पिनेला अर्धा वेढा देऊन. जवळपास नऊपट तांबं जास्तीचं, तेही 80 वॅटच्या साध्या सोल्डरिंगच्या इस्त्रीवर. 25 वॅटच्या इस्त्रीनं हे होत नाही, तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि जोड कच्चा राहतो. तार शंटच्या अलीकडेच थांबवलीत, हे विशेष, नाहीतर शंटचा रेझिस्टन्स पुन्हा घटला असता.

खड्ड्यांत तार हलू नये म्हणून न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचे ठिपके दिलेत. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, ते आधीच्या एकानं डबाभर ओतलेलं होतं. स्क्रूखालचं सोल्डर लावलेलं वायरचं टोक कापून दाबून पक्का करायचा क्रिम्प लग बसवलात, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो आणि टर्मिनल वितळतं.

हे सगळं विचारणाऱ्याला, तो शिकलेला आहे की नाही हे न बघता, तुम्ही सांगत बसलात. मोठ्या कारखान्यात डिझाइन करणाऱ्या माणसानं रिक्षावाल्याच्या बोर्डासाठी एवढं करावं अशी काही सक्ती नव्हती. पण सरळपणानं वागणारी माणसं आहेत, आणि तीही चिकलठाण्यातच, हे कळलं ते लई बरं झालं.

आता स्टँडवरचे बाकीचे कंट्रोलरही उघडून मिलिव्होल्ट मोजणं सुरू आहे. त्यातल्या दोघांचा आकडा शंभरावर आलाय, मार्करनं लिहून ठेवलाय. तार आम्हीच लावू, पण पहिला बोर्ड बंद करण्याआधी फोटो पाठवतो. तेवढा बघा.

आपले,
परभणीचे ई-रिक्षावाले