चादरीची चार टोकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सर्जनशीलता आणि सहजीवनावरचा लेख वाचला. आठवड्यातली एक संध्याकाळ दोघांसाठी राखून ठेवा, वर्षातून एकदा लांब कुठेतरी जा, छंदासाठी घरात वेगळी जागा करा, असा त्यातला सल्ला आहे. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. मी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूट्या सारख्या बदलतात. नवरा हिशेब तपासण्याचं काम करतो. मी नाइट करून घरी येते तेव्हा तो बुटाची नाडी बांधत असतो. आमच्यासारख्या घरांत राखून ठेवायला संध्याकाळच नसते. म्हणून प्रेम काय आणि कल्पकता काय, दोन्ही फुरसतीवर सोडून द्यायला माझा विरोध आहे. रोजच्या धावपळीत ती सापडली नाहीत, तर सुट्टीत तरी कुठून सापडणार?

पाळी बदलताना आम्ही सिस्टर एकमेकींना हँडओव्हर देतो. कोण झोपलं, कोणाचा ताप उतरला, कोणी रात्रभर कोणाचं नाव घेतलं, सगळं थोडक्यात सांगायचं. तसाच हँडओव्हर आम्ही घरातही सुरू केला. समोरासमोर भेट झाली तर तोंडी, नाहीतर आरशाच्या कडेला खोचलेल्या चिठ्ठीवर. अट एकच, दुसऱ्याला दिसलं नसतं असं काहीतरी त्यात हवं. कामाचे निरोप वेगळ्या कागदावर.

मी एकदा लिहिलं होतं, ‘वॉर्डातल्या आजोबांनी आजींचा चष्मा काढला, स्वतःच्या सदऱ्याला पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. आजींनी डोळे उघडलेच नाहीत, पण हसल्या.’ त्याची एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. ‘न्हाणीघरातला नळ आज पाच थेंब टाकतो आणि थांबतो, परत पाच टाकतो. दुरुस्त करणारच आहे, पण आधी तू ऐकून घे.’ ज्या माणसाने शाळा सुटल्यावर निबंध म्हणून लिहिला नाही, त्याचं हे वाक्य आहे. मी ड्यूटीवरून आल्यावर दहा मिनिटं तिथे उभी राहून ऐकलं. मला वाटतं, हीच त्याची निर्मिती आणि हेच त्याचं प्रेम. दोन्ही एकाच वाक्यात आली, कारण मुळात त्याने त्या नळाकडे लक्ष दिलं आणि ते लक्ष मला द्यावंसं त्याला वाटलं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं वागणं बारकाईने नोंदवलं आणि ६ वर्षांनी पुन्हा त्यांची चौकशी केली. ‘बघ ना, आभाळ कसं भरून आलंय’ असं एकाने म्हटल्यावर दुसरा मान वर करून बघतो की नाही, अशा साध्या गोष्टी त्यांनी पाहिल्या. त्यांच्या नोंदींनुसार जी जोडपी एकत्र टिकली, त्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा ओ दिली होती. जी विभक्त झाली, त्यांनी ३३ टक्के वेळा. इथे भेटवस्तूंचा हिशेब नाही. फक्त मान वर करायची.

कल्पना सुचण्याचंही तसंच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या साध्या वस्तूचे आणखी काय काय उपयोग करता येतील, असं लोकांना विचारलं. बसून उत्तरं देण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त सुचलं. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही जास्त सुचलं. निसर्गरम्य जागा नसली तरी चालतं तर! वॉर्डच्या लांबलचक पॅसेजमधून जाता-येता माझ्या चिठ्ठ्या का जुळतात, ते मला तेव्हा कळलं.

माझा सगळ्यात आवडता क्षण मात्र चादरीच्या घडीचा. वाळलेली मोठी चादर एकटीने नीट घडी होत नाही, हात पुरत नाहीत. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एकदा झटकायची. मग तो चालत येतो आणि त्याच्या हातातली टोकं माझ्या हातात देतो. बोटांना बोटं लागतात. खाली लोंबणारी कड तो वाकून उचलतो, मागे सरकतो, पुन्हा येतो. या वेळी अंतर निम्मं असतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलं मोठी झाली, तरी त्या दुसऱ्या फेरीची मी अजून वाट बघते.

सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचं एक चित्र आहे. मोलकरीण दूध ओतते आहे, बस्स. पण तिच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवरचा खिळा, खिळे उपटल्याची भोकं, सगळं त्याने रंगवलं आहे. भिंतीतलं भोक रंगवण्याजोगं आहे असं ज्याला वाटलं, त्याला विषय शोधायला घराबाहेर जायची गरजच नव्हती.

एक मात्र स्पष्ट लिहिते. राबायचं एकीने आणि त्यातलं सौंदर्य पाहायचं दुसऱ्याने, हे मला साफ नामंजूर आहे. चादर धुवायची, वाळत घालायची, घडी करायची आणि त्या घडीत प्रणयही शोधायचा, हे सगळं एकटीवरच पडलं तर तिला थकवा सापडेल, दुसरं काही नाही. चादरीची दोन टोकं समोरच्याने धरलीच पाहिजेत.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत वाचकांसाठी छोटा कोपरा ठेवा. त्या दिवशी पाहिलेलं, आपल्या माणसाला सांगावंसं वाटलेलं असं काहीही, जास्तीत जास्त चार ओळींत. कवी-लेखकांकडून मागवू नका. ड्रायव्हर, शिक्षिका, रखवालदार, घर सांभाळणारे यांच्याकडून मागवा. नळाची चिठ्ठी सोबत जोडते आहे. नवऱ्याला विचारूनच पाठवली आहे. नाव मात्र छापू नये.

आपली,
एक परिचारिका