‘पानिपत’वरच्या तुझ्या लेखाविषयी

नागपूर,
२२ डिसेंबर २०१९

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लेख मिळाला. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी ‘पानिपत’ चित्रपटाविषयी प्रेक्षकांची मते गोळा करून तू लिहिलेली चार पाने मी दोनदा वाचली आणि दुसऱ्या खेपेला, तीस वर्षे वह्या तपासण्याच्या सवयीने, हातात लाल पेन घेतले. फोनवर बोलले असते तर तू ‘हो आई, हो आई’ करून विषय संपवला असतास, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी किरकोळ गोष्टी. ‘तिकीटबारीवर पानिपत झाले’ हा विनोद तू तीन ठिकाणी केला आहेस, एकदा पुरे. अर्जुन कपूर मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब म्हणून शोभतात की नाही, संजय दत्तचा अब्दाली त्यांच्यापेक्षा भारी पडला का, गाणी जास्त झाली का, जवळजवळ तीन तासांची लांबी सोसवते का, यांविषयी तुझ्या वसतिगृहातल्या मुलांनी जे सांगितले ते तू नीट उतरवले आहेस, आणि ती मते ज्याची त्याला लखलाभ. माझे स्वतःचे म्हणशील तर युद्ध सुरू होईपर्यंत मला दोनदा घड्याळ पाहावे लागले आणि त्यानंतर एकदाही नाही.

माझा आक्षेप तुझ्या तिसऱ्या पानाला आहे. तेथे तू आपल्या मोठ्या बाबांचे मत दिले आहेस, की दिग्दर्शकाने नागपूरकर भोसल्यांवर अन्याय केला. ते असे म्हणाले, हे खरे आहे. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. दुसऱ्या दिवसापासून विधिमंडळाचे अधिवेशन सुरू व्हायचे म्हणून सीताबर्डीवर जागोजागी बंदोबस्त होता, त्यामुळे आम्ही रिक्षा सोडून शेवटचा टप्पा पायी गाठला आणि आत जाऊन बसतो न बसतो तोच त्यांनी विचारायला सुरुवात केली. शिंदे आले, होळकर आले, मध्यंतर झाले आणि मग मात्र त्यांना राहवेना. ‘आपले भोसले काहून नाही दाखवले बाप्पा?’ हा प्रश्न पुढच्या तीन रांगांना ऐकू गेला. आमचे आयुष्य नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्याच्या आसपास गेलेले, तेव्हा त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तू ते मत जसेच्या तसे छापून त्याखाली ‘विदर्भाची उपेक्षा’ असा मथळा दिला आहेस, तो चुकीचा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी नागपूरकर भोसले पानिपतावर नव्हते.

ते का नव्हते, हे तुला ठाऊक असायला हवे होते. पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले आणि त्यांच्यामागे जानोजी आणि मुधोजी या भावांमध्ये सेनासाहेबसुभा, म्हणजे घराण्याचा प्रमुख, कोणी व्हायचे यावरून तंटा लागला, जो शेवटी पेशव्यांच्या मध्यस्थीने मिटवावा लागला. बंगालपर्यंत दरारा असलेली फौज त्या काळात घरातल्याच भांडणात गुंतलेली होती. मार्च १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले तेव्हा जानोजी त्यांच्याबरोबर गेले नाहीत. पुढे नानासाहेब पेशवे कुमक घेऊन स्वतः निघाले तेव्हा जानोजी त्यांना जाऊन मिळाले खरे, पण ती सेना भेलशाच्या आसपास असतानाच ‘दोन मोत्ये गळाली’, म्हणजे भाऊ आणि विश्वासराव गेले, हा निरोप आला. तेव्हा चित्रपटात भोसले न दिसणे हा दिग्दर्शकाचा दोष नसून ती आपल्या घरची गोष्ट आहे, आणि मोठ्या बाबांना मी हे सांगितल्यावर ते पोह्यांची बशी संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

माझ्या मनात आलेला विचार असा, की या चित्रपटावर मत देणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पडद्यावर आधी आपल्या घरचा माणूस शोधत होता आणि तो दिसला की नाही, दिसला तर कसा दिसला, यावरून अख्ख्या चित्रपटाचे मोल ठरवत होता. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच अफगाणिस्तानच्या वकिलातीने काळजी व्यक्त केली होती, कारण ज्याला आपण लुटारू म्हणून ओळखतो तो अहमदशाह अब्दाली त्यांच्याकडे राष्ट्राचा संस्थापक मानला जातो आणि लोक त्याला ‘बाबा’ म्हणतात. राजस्थानात जाट समाज रस्त्यावर उतरला, कारण भरतपूरचे जाट राजे महाराजा सूरजमल मदतीच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागतात असे दाखवले होते. शेवटी निर्मात्यांना चित्रपटाला कात्री लावावी लागली. तू या दोन्ही गोष्टी एका ओळीत उरकून ‘भावना दुखावण्याची साथ’ असे म्हटले आहेस. ही घाई झाली. भरतपूरच्या माणसाची तक्रार आणि मोठ्या बाबांची तक्रार वरवर सारखी वाटते, पण एकीला आधार आहे आणि दुसरीला नाही, आणि हा फरक करणे हेच तर लेख लिहिणाऱ्याचे काम.

सूरजमल भाऊंची छावणी सोडून गेले, हे खरे. परंतु त्याआधी त्यांनी दिलेला सल्ला असा होता, की बायकामुले, यात्रेकरू आणि अवजड सामान मागे ग्वाल्हेरला किंवा आपल्या एखाद्या किल्ल्यात सुरक्षित ठेवावे आणि हलक्या फौजेने शत्रूची रसद तोडत गनिमी काव्याने लढावे. म्हणजे दक्षिणेतून आलेल्या मराठ्यांना मराठ्यांचीच जुनी रीत एक जाट राजा सांगत होता आणि ती मानली गेली नाही. पराभवानंतर अंगावर धड वस्त्र नसलेली जी माणसे दक्षिणेकडे पळत सुटली, त्यांना याच सूरजमलांच्या मुलखात अन्न, कपडे आणि औषधपाणी मिळाले. अशा माणसाला सौदा करणारा म्हणून पाहावे लागले तर त्याच्या वंशजांना काय वाटेल, याचा तू क्षणभर विचार करायला हवा होतास.

दोषी कोण, हा प्रश्न तुझ्या लेखात सारखा डोकावतो. कोणी म्हणते होळकर रणातून निघून गेले, कोणी म्हणते भाऊंचा हट्ट, कोणी म्हणते अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान, आणि तू या मतांची जणू मतमोजणीच मांडली आहेस. आपल्या नागपूरकरांना तर ही हौस जुनीच. इंग्रजांना अनुकूल झाली म्हणून भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईवर जो राग धरला, त्याची काळी मारबत आपण १८८१ पासून दर वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवून जाळतो. लहानपणी खांद्यावर बसून ‘घेऊन जा गे मारबत’ असे तूही ओरडला आहेस. त्या दिवसाची मजा मला ठाऊक आहे आणि तिच्यावर माझा राग नाही. पण बांबू-कागदाच्या बाहुलीवर जे चालते ते छापील लेखात चालत नाही, एवढे लक्षात ठेव.

आता चित्रपटात मला स्वतःला काय कमी वाटले, ते सांगते, कारण तू माझे मत ‘आईला आवडला’ एवढ्या दोन शब्दांत बसवले आहेस. मला भूक कमी वाटली. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेऊन मराठ्यांच्या हाती धान्य आले, पण त्याच महिन्यात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट बंद झाली. त्यानंतर अडीच महिने ती छावणी, जिच्यात लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच अधिक होते, पानिपतात अडकून बसली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बैल मेले, घोडे मेले, कडाक्याची थंडी, आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे सरदारांनीच भाऊंना सांगितले. भाऊंनी अब्दालीच्या बाजूला असलेल्या शुजाउद्दौलाच्या पदरच्या काशीराजपंडितांना लिहिलेल्या शेवटच्या चिठ्ठीचा आशय असा होता, की पेला काठोकाठ भरला आहे, आता त्यात एक थेंबही मावणार नाही. पानिपतचा निकाल तलवारीआधी पोटाने लावला, असे मला वाटते, आणि पडद्यावर त्या उपासमारीला जेवढा वेळ मिळाला त्याच्या दुप्पट मिळायला हवा होता, मग एखादे गाणे गेले असते तरी मी तक्रार केली नसती. आणि मला कोणी विचारले असते तर जखमी महादजी शिंद्यांना वाचवणाऱ्या राणेखान या भिस्त्यावर (पाणक्यावर) मी वेगळा चित्रपट काढायला सांगितले असते.

‘हरलेल्या लढाईवर चित्रपट काढूच नये’ हे तुझ्या मित्राचे मत तू चौकटीत टाकले आहेस. ठेव, काढू नकोस; पण त्याखाली आमच्या मागच्या रांगेतल्या आजींचे मतही दे. भाऊंचे पुतणे विश्वासराव पडतात तो प्रसंग आला आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला, हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले आहे आणि दर वेळी मुले विचारतात की ते उतरलेच का. थिएटरात त्या आजी आपल्या नातीला हळूच म्हणाल्या, ‘पोरगं गेलं ना त्याचं, तो कसा बसून राहीन वरती.’ मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले, पण अंधारात चेहरा दिसला नाही. एवढ्या वर्षांत मुलांना मी जे उत्तर देत आले, त्यात हे कधी नव्हते.

एक दुरुस्ती राहिली. ‘संक्रांतीच्या दिवशी’ लढाई झाली असे तू लिहिले आहेस. सगळेच लिहितात, पण ते बरोबर नाही. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, आणि वार बुधवार. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा आणि ती तारीख होती १२ जानेवारी. मग त्याच्याही १०२ वर्षे आधी संक्रांत १४ तारखेला कशी येईल? ती दोन-चार दिवस आधीच होऊन गेली असणार. यंदा तर ती १५ तारखेला आहे.

लेख ५ जानेवारीपर्यंत द्यायचा आहे असे तू म्हणाला होतास, म्हणजे अजून वेळ आहे. तिसरे पान पुन्हा लिहून मला पाठव. मोठ्या बाबांचे नाव छापण्यापूर्वी त्यांना एकदा फोन कर. काल ते जानोजींविषयी कुठले तरी जुने पुस्तक मागून घेऊन गेले आहेत आणि त्यांचे मत आता पहिल्यासारखे राहिले असेल असे मला वाटत नाही. संत्र्यांची पेटी शेजारच्या काकांबरोबर पाठवली आहे, ते मंगळवारी पोहोचतील. वरच्या थरातली आधी खा.

तुझी,
आई