सरकारी मदतीवर उभा राहिलेला ‘स्वावलंबी’ मध्यमवर्ग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत महायुद्धानंतरच्या अमेरिकेवर आलेला लेख आवडीने वाचला. लांबलचक मोटारी, दारापुढची हिरवळ, घरोघरी आलेला फ्रिज आणि टीव्ही, हे सगळे चित्र छान उतरले आहे. खटकले ते एकच वाक्य. तिथला मध्यमवर्ग म्हणे ‘सरकारपुढे हात न पसरता, निव्वळ घामाच्या बळावर’ उभा राहिला. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्याने हे वाक्य मुकाट्याने सोडून देणे काही जमेना.

घाम गाळला नाही असे कोण म्हणेल? पण भांडवल सरकारने पुरवले होते. युद्ध अजून संपायचे होते, तेव्हाच २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो ओळखला जातो. कॉलेजची फी, पुस्तके, वर दरमहा निर्वाहभत्ता. घर घ्यायचे तर कर्जाला सरकारची हमी. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले, त्यातले २२ लाखांच्या आसपास कॉलेजात गेले. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, अशी मुले इंजिनिअर आणि प्राध्यापक झाली ती या पैशावर. पुढे आयसेनहॉवर यांनी १९५६ मध्ये ४१ हजार मैलांच्या महामार्गांचा कायदा केला आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. हे गृहस्थ रिपब्लिकन होते, कुणी समाजवादी नव्हते. उपनगरात राहून शहरात नोकरीला जाणे सोपे झाले ते या रस्त्यांमुळे. त्या वर्षांत सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा आयकर ९१ टक्के होता, हे ऐकून आपल्याकडचे अनेक अमेरिकाभक्त दचकतील.

आता त्या हिरवळीकडे येते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, जिथे बटाट्याची शेती व्हायची तिथे १९४७ पासून लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहू लागली. कारखान्यात माल फिरत्या पट्ट्यावरून कामगारापुढे येतो. इथे घरे जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या. एक टोळी पाया घालून पुढे सरकली की दुसरी भिंतींना लागायची. चार-पाच वर्षांत १७ हजारांवर घरे झाली. सुरुवातीच्या करारात कलमच होते की गोऱ्या वंशाखेरीज कुणाला या घरात राहता येणार नाही. घरकामाच्या नोकरांना तेवढी सूट होती! मागच्या दाराने आत येणाऱ्या मोलकरणी पाहिलेल्या आपल्या पिढीला या ओळीचा अर्थ समजावून सांगायला नको.

हा काही एका बिल्डरचा हेका नव्हता. घरकर्जांना हमी देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नियमावलीतच अशा अटींची शिफारस होती, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जाला ‘धोकादायक’ ठरवल्या जात. जी. आय. बिलात रंगाचा उल्लेख नाही. पण कर्ज शेवटी गावातली बँक देणार. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांची १९४७ मध्ये पाहणी झाली. माजी सैनिकांना मिळालेल्या ३,२२९ हमीकर्जांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली दोन. दोन टक्के नव्हे, दोन कर्जे. तेच युद्ध, तोच गणवेश. शिवाय घर हीच तिथल्या मध्यमवर्गाची मुख्य पुंजी, त्यामुळे जे तेव्हा बाहेर राहिले त्यांची नातवंडेही मागे पडली.

हे सारे इथून दिसत नव्हते असेही नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

याच मिसिसिपीचे राजकारण पाहण्यासारखे आहे. १९३६ मध्ये या राज्याने, मंदीत सरकारी मदतीच्या योजना आणणाऱ्या रूझवेल्ट यांना तब्बल ९७ टक्के मते दिली. सरकारी मदत तिथल्या गोऱ्या मतदाराला तेव्हा मुळीच वर्ज्य नव्हती. १९६४ मध्ये त्याच राज्याने ८७ टक्के मते सरकारी हस्तक्षेपाचे कट्टर विरोधक असलेले रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना दिली. मध्ये काय घडले? १९४८ मध्ये ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली गोरे-कृष्णवर्णीय अशी फाळणी बेकायदा ठरवली, अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला आणि २ जुलै १९६४ ला जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा केला. गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच्या विरोधात मत दिले होते. देशभरात त्यांचा धुव्वा उडाला; स्वतःचे अ‍ॅरिझोना सोडले तर हाती लागली ती फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्ये. पुढच्या राजकारणामागे व्हिएतनाम होते, महागाई होती, चर्चही होते, हे मला मान्य आहे. पण ‘सरकारने मध्ये पडू नये’ ही भाषा दक्षिणेत नेमकी कधी गोड वाटू लागली, ते या तारखाच सांगतात.

आणि यात आपलाही हिशेब आहे. १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० भारतीयांना तिथे स्थायिक होता येत असे. हे दार उघडले ३ ऑक्टोबर १९६५ ला. ज्या संसदेने त्याच ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाचा हक्क पक्का केला, तिनेच देशानुसार माणसांची प्रतवारी करणारा कोटा रद्द केला. वंश पाहून मत नाकारायचे नाही, असे ठरल्यावर वंश पाहून व्हिसा तरी कसा नाकारणार? जॉन्सन म्हणाले होते की हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे. १९६० मध्ये तिथे भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते, १९८० मध्ये ते दोन लाखांवर गेले.

त्यात माझे थोरले दीर होते. १९६९ मध्ये ते डेट्रॉइटला गेले आणि चार वर्षांत उपनगरात घर घेतले. दर खेपेला आले की जेवताना सांगत, ‘आम्हाला कुणी काही दिलं नाही, डोक्याच्या जोरावर गेलो.’ डोके होतेच. पण तेच डोके घेऊन ते दहा वर्षे आधी निघाले असते, तर शंभराच्या रांगेत अडकले असते. आणि घर विकताना वंश पाहणे बेकायदा ठरवणारा कायदा आला तोही एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर आठवड्याने. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवले. त्यांनी आमटी वाढायला सांगितली.

लेखाचा पुढचा भाग साठच्या दशकावर असल्याचे शेवटी छापले आहे. केनेडी आणि चांद्रमोहीम त्यात येतीलच. मिसिसिपीत १९६५ च्या मतदान हक्काच्या कायद्यापूर्वी कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्क्यांचे नाव मतदारयादीत होते, १९६७ मध्ये ते जवळपास ६० टक्क्यांवर गेले. त्या याद्यांनाही दोन परिच्छेद मिळावेत, एवढी विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज