बारा मिनिटांचे शब्दकोडे : मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजी वर्तमानपत्रांतली 'क्रिप्टिक', म्हणजे कूट सूत्रांची, शब्दकोडी आपल्या रविवारच्या शब्दकोड्यांहून नेमकी कशी वेगळी असतात, असे तू विचारले आहेस. नियम सांगत बसण्यापेक्षा एक जुने कोडे सोडवून दाखवणे मला सोपे वाटते, म्हणून लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने १३ जानेवारी १९४२ रोजी छापलेले कोडे घेतो.

त्याची जन्मकथा थोडक्यात अशी. 'टेलिग्राफ'ची कोडी हल्ली चुटकीसरशी सुटतात, अशी कुरकुर चालली होती. तेव्हा 'एक्सेन्ट्रिक क्लब'चे अध्यक्ष गॅव्हिन यांनी आव्हान दिले की, बारा मिनिटांच्या आत कोडे सोडवणारा कोणी निघाला, तर समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या खलाशांच्या निधीला आपण शंभर पौंड देऊ. शनिवारी 'टेलिग्राफ'च्या फ्लीट स्ट्रीटवरच्या कचेरीत स्पर्धा झाली आणि पाच जणांनी वेळेत कोडे पुरे केले. त्यांतला सर्वांत वेगवान गडी मात्र एका शब्दाच्या स्पेलिंगपायी बाद झाला. तेच कोडे मंगळवारी सर्वांसाठी छापले गेले.

आता आडव्या शब्दांतले एक सूत्र पाहा : 'हे गाव पुरासाठी सज्ज आहे काय?' उत्तर इंग्रजी सहा अक्षरांचे. इंग्लंडमधल्या पूरग्रस्त गावांची यादी आठवू लागलास तर फसलास, कारण प्रश्न भूगोलाचा नाहीच. उत्तर आहे 'न्यूआर्क'. हे खरोखरीचे गाव आहे. पण ते मधोमध तोडले की 'न्यू आर्क', म्हणजे नवी नौका होते, आणि बायबलमधल्या नोआने प्रलयात जीव वाचवले ते 'आर्क'मध्येच. शाळेत आपण सभंग श्लेष शिकलो तो हाच. 'औषध न लगे मजला' म्हणणारी दमयंती प्रत्यक्षात 'औषध नल गे मजला' म्हणत असते, हे कळल्यावर वर्गात जी खसखस पिकली होती, तीच करामत येथे चौकोनात बसवली आहे.

याच जातीचे, पण जास्त अवघड सूत्र पुढे येते. त्याचा मराठीत अर्थ असा : 'छोट्याजवळ थोडी बिअर आहे, त्याने माझा रंग उडतो, असे मी म्हणतो.' छोटा द्वाड पोरगा म्हणजे 'इम्प', बिअरचा एक प्रकार म्हणजे 'एल'. दोन्ही जोडले की 'इम्पेल' हा शब्द होतो, ज्याचा अर्थ भोसकणे. आता तीच अक्षरे वेगळ्या ठिकाणी तोड : 'आय'म पेल' (म्हणजे 'आय अॅम पेल'), मी पांढराफटक पडलो आहे! एका शब्दाची दोन प्रकारे फोड, आणि दुसरीकडे लक्ष वेधण्यासाठी शेवटी ते साळसूद 'मी म्हणतो'. मला हे सूत्र फार आवडते, तरी त्यात एक खोट आहेच. 'भोसकणे' हा अर्थ त्यात सरळ कुठेच दिलेला नाही. भोसकल्यावर माणूस पांढरा पडणारच, असा तो ओढूनताणून लावावा लागतो.

'घरगुती शाळा सुरू करायला योग्य बाई' या सूत्राचे उत्तर इंग्रजी तीन अक्षरांचे आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईने घरात चालवलेल्या अशा शाळेला इंग्रजीत 'ए डेम स्कूल' म्हणत. या शब्दांची सुरुवातीची तीन इंग्रजी अक्षरे घेतली की 'एडा' हे बाईचे नाव मिळते. 'सुरू करायला' हा शब्द शाळेबद्दल नसून अक्षरांबद्दल आहे, हे एकदा उमगले की सूत्र पारदर्शक होते. उभ्या शब्दांत तर नुसते 'द वॉर' एवढेच देऊन अक्षरांची उलटापालट करा, असे उघड सांगितले आहे. उत्तर येते 'रीथ', म्हणजे फुलांचे चक्र, जे थडग्यावर वाहतात. ऐन महायुद्धात हे छापताना रचनाकाराच्या मनात काय होते कोण जाणे.

'पक्षी, पदार्थ किंवा नाणे' हे सूत्र तुझ्यामाझ्यासाठीच आहे असे समज. उत्तर 'पाय'. मॅगपायला जुन्या इंग्रजीत नुसते 'पाय' म्हणत, पदार्थ तुला ठाऊकच आहे, आणि नाणे म्हणजे आपली पै, तीन पैचा पैसा आणि १९२ पैंचा रुपया या हिशेबातली! काही सूत्रे मात्र इंग्लंडच्या मातीतलीच आहेत. 'राउंडहेडांना पसंत असलेला थेट रस्ता' म्हणजे 'शॉर्ट कट', हे कळायला सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूचे लोक, म्हणजेच राउंडहेड, केस बारीक कापत, हे ठाऊक हवे.

तुला नवल वाटेल, पण उरलेल्यांत 'झाड', 'सुगंधी', 'प्रसिद्ध शिल्पकार' अशी सरळसोट सूत्रेही आहेत. आजच्या क्रिप्टिक कोड्यात ती चालणार नाहीत. 'झिमेनीझ' या टोपणनावाने 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्राची कोडी रचणारे मॅकनट यांनी १९६६ साली या कलेवर पुस्तक लिहून नियम घट्ट केले : सूत्रात नेमका अर्थ हवा, शब्दखेळाची प्रामाणिक खूण हवी आणि तिसरे काही नको. या कसोटीवर 'इम्पेल' नापास होईल. तरी माझे मत असे की १९४२ च्या कोड्याची खरी कठीणाई या भेसळीतच आहे. सूत्र सरळ आहे, श्लेष आहे की अक्षरांचा खेळ, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि घड्याळ चालू असताना तर एका पद्धतीला चिकटून बसणारा बुडालाच.

स्पर्धेतल्या स्टॅन्ली सेजविक या कारकुनाचा घंटा झाली तेव्हा एकच शब्द राहिला होता. काही आठवड्यांनी त्याला लष्कराकडून गोपनीय पत्र आले आणि पुढे तो ब्लेचली पार्कला, जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या गुप्त केंद्रात, कामाला लागला. म्हणजे वेळेत न संपवणाऱ्यालाही त्यांनी हेरलेच.

एक सूत्र तुझ्यासाठी राखून ठेवतो : 'कोणालाही व्यवस्थित बसेल अशी बोट', इंग्रजी सहा अक्षरे. बंदरापेक्षा शिंप्याच्या दुकानात शोध, आणि उत्तर पोस्टकार्डावर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत