मिटून ठेवलेल्या कादंबरीविषयी मित्रास पत्र

अमळनेर,
ज्येष्ठ महिना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पुण्याहून एवढ्या प्रेमाने पाठवलेली जाडजूड कादंबरी मी साठाव्या पानावर मिटून ठेवली, हे फोनवर सांगितले तेव्हा तू क्षणभर गप्प राहिलास आणि मग "म्हातारा झालास" एवढेच म्हणालास. त्याला काय उत्तर द्यावे हे मनात घोळवण्यात आठवडा गेला. मला जे सांगायचे आहे ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आपण वाचनालयातून पाळीपाळीने आणायचो. एकाने रात्रीत संपवायचा आणि सकाळी दुसऱ्याच्या दप्तरात सरकवायचा. व्हर्नने १८६५ साली चंद्राकडे जाणारा तोफगोळा फ्लोरिडातून उडवला आणि १९६९ साली खरे यानही फ्लोरिडातूनच गेले, हे कळले तेव्हा आपल्याला वाटले की लिहिलेले सगळे खरे होते, फक्त शंभर वर्षे थांबावे लागते. पुढे नारळीकर वाचू लागलो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवरावरची कथा पाठवताना त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून ती लिहून घेतली होती, हा किस्सा आपल्याला कथेइतकाच आवडायचा. एवढ्या मोठ्या माणसाला नावाच्या जोरावर बक्षीस नको होते! २०२५च्या मे महिन्यात ते गेले, त्या रात्री मी त्यांच्या जुन्या कथा पुन्हा काढल्या आणि एका बैठकीत वाचल्या. त्या कंटाळवाण्या वाटल्या नाहीत. म्हणजे वय हे कारण नव्हे, एवढे तरी त्या रात्री सिद्ध झाले.

तुझ्या कादंबरीत आकाशगंगेचे साम्राज्य आहे, हजार ग्रह आहेत, तारे विझवणारी यंत्रे आहेत. पूर्वी याच गोष्टींनी माझी झोप उडाली असती. आता पहिल्याच प्रकरणात तो सम्राट गच्चीवर उभा राहून प्रजेला भविष्य सांगू लागला आणि माझ्या कानात आमच्या चौकातला प्रचाराचा भोंगा वाजू लागला. तीच भाषा, तेच हात पसरणे, तोच भविष्यकाळ.

पाडळसे आठवते ना? तापीवरचा निम्न तापी प्रकल्प. १९९७ साली १४२ कोटींचा म्हणून त्याला मान्यता मिळाली, तेव्हा माझे काळे केस शाबूत होते आणि तू नुकताच पुण्यात घर घेत होतास. २०२३ साली त्याच प्रकल्पाला ४,८९० कोटींची सुधारित मान्यता मिळाली. कृष्णविवरात पडणारा माणूस दूरून पाहणाऱ्याला मंद मंद होत अखेर गोठल्यासारखा दिसतो आणि पाहणारा मात्र काठावर म्हातारा होत जातो, हे आपण ज्या वयात तोंडावर हात ठेवून वाचले, त्या वयात ते आपल्याच तालुक्यात पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. धरण तरुणच आहे. आम्ही काठावरचे पिकलो.

तू म्हणशील, पुन्हा राजकारण. होय, पुन्हा. गेल्या दिवाळीत त्यावरून तू जेवता जेवता ताटावरून उठला होतास, ते मी विसरलेलो नाही, आणि त्या दिवशी माझा आवाज चढला होता हेही मान्य करतो. पण माझा राग कोणत्या एका पक्षावर उरलेला नाही, हे तुला तेव्हा सांगता आले नाही. २०२२ साली आमदार रातोरात सुरतेला गेले, पुढच्या वर्षी दुसरा पक्ष फुटला, आणि ज्यांच्यासाठी आपण शेजाऱ्यांशी बोलणे टाकले ते एकमेकांच्या शेजारी खुर्च्या टाकून बसले. आमच्या पारावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तापीचं पाणी सुरतेला जातं, भुसावळची गाडी सुरतेला जाते, मग आमदार तरी दुसरीकडे कुठे जातील?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर वाटले की आपल्याला आता रागही येत नाही, नुसते हसू येते, आणि हे काही बरे लक्षण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. चांगल्या विज्ञानकथेत लेखक एक अशक्य गोष्ट गृहीत धरतो, पण ती धरल्यावर पुढचे सगळे त्याला प्रामाणिकपणे निभवावे लागते: यान आले तर इंधन आले, इंधन आले तर वजन आले, वजन आले तर कोणाला तरी खाली उतरवावे लागले. सभेतल्या भाषणात गृहीत धरलेल्या गोष्टी शंभर असतात आणि पुढे काहीच येत नाही. तुझी कादंबरी मला त्या भाषणासारखी वाटली. तारा विझला, आणि दुसऱ्या पानावर कोणाला थंडीही वाजली नाही. मला आता मोठे चमत्कार नकोत; एकच लहानसा बदल हवा आणि त्याने कोणाच्या चुलीत काय फरक पडला, ते हवे.

खरे चमत्कार तर आपल्या गावात घडून गेले आणि आपल्याला ते लिहिण्याची छाती झाली नाही. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याच कंपनीने, विप्रोने, पुढे संगणकात नाव काढले. वनस्पती तुपाच्या डब्यातून संगणक निघतो अशी कथा कोणी लिहिली असती तर आपल्या मास्तरांनी तिला दहापैकी दोन गुण दिले असते. (ज्यांनी जुने शेअर सांभाळले, त्यांच्याविषयी मी बोलणार नाही. माझ्या वडिलांनी घेतले नव्हते.)

म्हणून एक उद्योग आरंभला आहे, हसू नकोस. गिरणेवर सात बलून बंधारे होणार, हे आपण किती वर्षे ऐकतो आहोत. नदीच्या पात्रात काँक्रीटच्या पायावर रबरी फुगा बसवायचा, पुराच्या वेळी त्यातली हवा सोडून गाळ वाहू द्यायचा आणि पावसाळा सरताना हवा भरून पाणी अडवायचे, अशी ती कल्पना आहे. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. मी असे धरून चाललो की ते सातही बंधारे झाले आहेत. बस्स, एवढीच अशक्य गोष्ट. माझ्या कथेचा नायक म्हणजे एका बंधाऱ्यावरचा रखवालदार. मध्यरात्री उठून, शेतीच्या पंपांची वीज आली की हवेचा पंप सुरू करणारा. चार पाने झाली आणि अडलो, कारण त्याचा पगार कोण देतो हे मला ठरवता येईना. जलसंपदा विभाग, ग्रामपंचायत की कंत्राटदार? फुग्याला भोक पडले तर ठिगळ कोण लावणार? खालच्या गावाने रात्री येऊन हवा सोडायला सांगितली, तर त्याने ऐकायचे की नाही? इतक्या सभांना मी गेलो, टाळ्याही वाजवल्या, पण यातला एकही प्रश्न उठून विचारावा असे मला कधी सुचले नाही. ते सुचायला कथा लिहायला बसावे लागले.

चार पाने सोबत पाठवत आहे. अक्षर माझेच आहे, जगतापांसारखी सोय माझ्याकडे नाही. तू आयुष्यभर कारखान्यात दाबाच्या टाक्या तपासल्यास, तेव्हा एवढे कळव: पात्रात पाणी तुंबलेले असताना वीज सहा तास गेली आणि झडप थोडी गळकी असली, तर फुगा कितपत खाली बसेल? माझ्या रखवालदाराला पहाटे चारला जाग येते. त्याला पाणी अडलेले दिसेल की ओसरलेले, यावर पाचवे पान अवलंबून आहे.

वहिनींना नमस्कार. कादंबरी परत पाठवू की वाचनालयाला देऊ, तेही सांग.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा सोबती