विषारी काजरा ओळखून देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

वयाने तू माझ्या लेकीएवढी, तरी ताईच म्हणते. नाव कुठे घालू नका असं जाताना बजावलं होतंस, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मानू नका असं काही म्हणाली नव्हतीस, आणि चारचौघांत ते मानल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

गुहागरकडे आमची नारळ-पोफळीची वाडी. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने लाखीबागेची जी पद्धत दाखवली, तशी माडांच्या मधून मिरी, जायफळ आणि दालचिनी लावलेली. दालचिनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, कोकण तेज जातीची. तिच्यापासून थोड्या अंतरावर, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून एक झाड आपोआप रुजलं आणि बघता बघता पुरुषभर उंच झालं. समोरासमोर पानं, चकचकीत, आणि देठापासून निघून टोकाकडे गेलेल्या तीन ठसठशीत शिरा. बघेल तो म्हणे, दालचिनीच.

एकटी आईच "नाही" म्हणत होती. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. पान चुरडून नाकाशी धरलं आणि म्हणाली, "ह्याला वास कुठाय गो? हे माझ्या चुलीवर चढायचं नाही."

तिचं कोणी ऐकलं नाही. एका रोपवाटिकावाल्याने तर तिच्या तोंडावर सांगितलं, की वयाने नाक जातं माणसाचं. एका कचेरीत नमुना ठेवून आले. पुन्हा गेले तेव्हा कसला नमुना, इथपासून सुरुवात. मोबाईलमधलं ॲप एका फोटोला दालचिनी म्हणे, दुसऱ्याला तमालपत्र. एक जवळचे नातेवाईक म्हणाले, एवढा कीस कशाला पाडता, पानं वाळवा आणि वाण्याला देऊन टाका. यातल्या एकानेही दोन्ही झाडांची पानं शेजारी शेजारी धरून पाहिली नाहीत. आमच्याकडे सुट्टीत पर्यटक जेवायला असतात. स्वयंपाकाला येणारी मुलगी पुलावासाठी पानं वाडीतूनच खुडून आणते. आईने तिला गडग्याकडे फिरकू दिलं नाही म्हणून निभावलं. ती आईचं न ऐकती तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्रीची झोप उडवतो.

आणि मग तू आलीस, शेजारच्या गावातल्या देवराईतल्या झाडांची नोंद करायला. पाणी प्यायला थांबलीस, मी तुला झाडाशी नेलं. तुला तिथेच कळलं असणार. पण बोलली नाहीस. विचारलंस, "घरात मसाल्याचं कोण बघतं?"

दोन्ही झाडांचं एकेक पान खुडून तू पडवीत आईच्या पायाशी बसलीस. आधी गडग्याजवळचं पान तिच्या हातात दिलंस. तिने ते चुरडलं, हुंगलं. मग तू तांब्या मागितलास, तिच्या दोन्ही हातांवर पाणी ओतलंस, साबण लावून पुन्हा ओतलंस आणि आपल्या ओढणीने तिचं एकेक बोट पुसलंस. नखं, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पहिल्याचा अंश हाताला राहू नये, दुसऱ्याच्या वासात काही मिसळू नये. मगच दालचिनीचं पान दिलंस. "आजी, आता तुम्ही सांगा."

आई ताठ बसली. "हे माझं. ते कुणाचं, ते तू सांग."

"काजरा, आजी. तुम्ही बरोबर होतात."

ताई, ते हात धुणं मी विसरणार नाही. इतके दिवस जिच्या डोक्यावरून सगळे बोलत होते, तिला तू साक्षीदार केलंस. त्या रात्री आई दोन घास जास्त जेवली.

काजरा आमच्या कोकणात कुणाला ठाऊक नाही? पिकल्यावर संत्र्यासारखी दिसणारी फळं, बटणासारख्या चपट्या बिया. वैद्य त्यालाच कुचला म्हणतात आणि शुद्ध केल्याशिवाय हात लावत नाहीत. पण ती ओळख फळावर आलेल्या मोठ्या झाडाची. दालचिनीच्या शेजारी उभा राहिलेला कोवळा काजरा वेगळा कसा काढायचा, हे तू दाखवलंस. पान जास्त रुंद, गोलाईकडे झुकणारं. मधल्या तीन शिरांखेरीज कडेने आणखी दोन बारीक शिरा, उजेडासमोर धरल्या की दिसतात. दालचिनीची नवी पालवी तांबूस, याची पोपटी. याच्या बीत स्ट्रिकनिन नावाचं जहर, आणि पान-सालही निर्धोक नाही. याच जातकुळीच्या बियांतून १८१८ साली फ्रान्समध्ये ते प्रथम वेगळं काढलं, हेही तुझ्याकडूनच कळलं. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात काजऱ्याची साल अंगोस्तुरा या औषधी सालीच्या नावाने खपली, त्यातून विषबाधा झाल्या, हे तू मुद्दाम आमच्या नातेवाइकांकडे बघून सांगितलंस, म्हणजे त्यांना ओशाळं वाटू नये. त्यांना ते कळलं की नाही देव जाणे. मला कळलं.

माहिती असणारी माणसं मला कमी भेटली नाहीत. पण ती माहिती समोरच्याच्या अंगावर टाकायची नाही, त्याच्या हातात द्यायची, एवढी माणुसकी फार थोड्यांकडे असते. तुझ्या आईवडिलांनी आणि तुझ्या मास्तरांनी तुला नुसतं वनस्पतिशास्त्र शिकवलेलं नाही. बसस्टँडवरचा एखादा कंडक्टर म्हाताऱ्या बाईची पिशवी न सांगता आत घेतो, त्याच जातीची तू. अशा माणसांवर ही किनारपट्टी चालते असं मला मनापासून वाटतं.

झाड तोडलं नाही. पिकल्या काजऱ्याचा गर ककणेर, म्हणजे धनेश पक्षी खातात, बी बहुतेक त्यांच्याच चोचीतून गडग्यावर पडलं असेल, असं तू म्हणालीस. आणि ककणेरांसाठी सोय राहावी हे आईलाही पटलं. भोवती चिऱ्यांचं कोंडाळं केलं, पत्र्यावर लाल रंगात "काजरा, विषारी" लिहून खांबाला ठोकलं. स्वयंपाकाच्या मुलीला आणि गड्यांना आईने पडवीत बसवून दोन्ही पानं हुंगायला लावली. मध्ये हात धुऊन, साबणाने.

आता विहिरीकडच्या पोफळीवर एक वेल चढली आहे. मी मिरी म्हणते, आई म्हणते पिंपळी. पावसाळा सरला की ये. पान मी खुडून ठेवणार नाही, तूच खुड आणि आधी आईला दे.

तुझी,
वाडीतली काकू